पेपरलेस युगास अनावृत पत्र

प्रति,
मा. पेपरलेस युग,
मु. पो. क्लाउड.

विषय : सेवानिवृत्त टेबल-साहित्य पुन्हा कामावर घेतल्याबाबत.
संदर्भ : आपले १९७५ सालचे आश्वासन.

महोदय,

त्या साली अमेरिकेच्या 'बिझनेस वीक'ने भविष्यातल्या कचेरीवर लेख छापला होता. आता कागद ओसरणार, अशी ग्वाही त्यात ज्यांनी दिली, त्यांत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्राचे प्रमुख जॉर्ज पेकही होते. आज हडपसरच्या गाडीतळावर येऊन बघा. झेरॉक्सच्या दुकानापुढे उभं राहायला जागा मिळाली, तर आम्हाला जरूर कळवा.

पत्रास कारण की, आमच्या फ्लॅटमधली तिसरी खोली नुकतीच 'स्टडी' म्हणून घोषित झाली. लॅपटॉप, मोठा स्क्रीन, कमरेला आधार देणारी खुर्ची. सगळं आपल्या इतमामाला साजेसं. जागा करताना माळ्यावरून बाबांची पत्र्याची पेटी खाली आली. बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पेटीत दाभण, सुतळीचा गुंडा, हिरव्या टॅगांची जुडी, टाचण्यांची उशी, रेघा आखायचा गोल लाकडी रूळ, कार्बन पेपर, लाखेची कांडी आणि मूठभर वजनाचा पंच. बोहारणीनेही नाक मुरडलं असतं असा ऐवज. मी तो भंगारात काढणार, तेवढ्यात आपल्या कृपेने एक अर्ज भरायचा निघाला.

अर्ज अर्थातच ऑनलाइन. तो भरला, प्रिंट काढली, सही केली, स्कॅन केली, आपल्या पसंतीच्या केबीत बसेपर्यंत चेपली आणि चढवली. लगेच मेसेज आला : मूळ कागदपत्रं व दोन साक्षांकित प्रती घेऊन समक्ष हजर राहा. हजर राहिलो. खिडकीतल्या बाईंनी गठ्ठ्याकडे पाहिलंही नाही. "निळ्या शाईत सही करा आणि टॅग लावून आणा."

महोदय, डिजिटल सहीला कायद्याची मान्यता २००० साली मिळाली. निळ्या शाईला ती बातमी अजून पोचलेली नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईची भुकटी आणि गोळ्या करायला घेतल्या, त्यातून कॅमलिन उभी राहिली. पेटीतली कॅमलची दौत वाळून खडखडीत झाली होती, म्हणून बॉलपेनवर भागवलं. बाकी सारी फौज मात्र जागेवर हजर होती. बाबांनी कागद मधोमध दुमडून घडीची खूण पंचाच्या बाणाला लावली आणि मूठ दाबली. बॉनच्या फ्रीडरिख झोनेकेनने पंचाचं पेटंट घेतलं १८८६ साली. यंत्र अजून पासवर्ड मागत नाही. जाड गठ्ठ्याला पंच हरला, तेव्हा दाभण पुढे झाली.

"स्थळप्रत कुठाय?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, पोर्टलवर असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट खाली जाऊन आणखी एक झेरॉक्स काढून आणली. पोर्टलचं सत्र तोवर संपलं होतं.

त्या गठ्ठ्यावरून आपल्या कारभाराचा उलगडा झाला. आपण कागद कुठे संपवलात? आपण कारकून संपवलात. नोंद करणं, प्रती काढणं, जोडपत्रं लावणं, क्रमांक घालणं ही त्याची कामं होती, आणि त्यासाठी त्याला पगार, टेबल, रूळ आणि दाभण मिळायची. काम तेवढंच राहिलं. ते आपण रात्री अकरानंतर आमच्या घरी धाडलंत. पगार नाही आणि साहित्य ज्याचं त्याने आणायचं. मगरपट्ट्यात दिवसभर परदेशी बँकांची सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं रात्री स्वतःच्या घरी बिनपगारी कनिष्ठ लिपिक असतात.

तरी खालील मागण्या मान्य व्हाव्यात :

१. प्रत्येक फ्लॅटमागे एक पंच, एक दाभण व टॅगांची एक जुडी शासकीय खर्चाने मिळावी.
२. घरकामाच्या लिपिकास दरमहा वेतन व दिवाळीस बोनस द्यावा.
३. आमचे बाबा कंत्राटावर रुजू झाले आहेत. रोज दोन वेळचा चहा व न मागता सल्ला देण्याचा अधिकार, या त्यांच्या अटी आपण मंजूर कराव्यात. आमच्याच्याने नाही म्हणवत नाही.

पत्राची पोच कागदावर, सही-शिक्क्यानिशी द्यावी. ओटीपी पाठवू नये.

आपला आज्ञाधारक (नाइलाजाने),
एक हडपसरकर

सोबत : वरीलप्रमाणे. टॅग लावला आहे.