वॅटोबा

लॅपटॉप घेताना चारचौघे किंमत विचारतात, रॅम विचारतात, फार चिकित्सक असले तर वजन विचारतात. वॅटोबा विचारतात, "नुसता बसून असताना किती वॅट खातो?" दुकानातला पोरगा गोंधळून मालकाकडे बघतो. मालक मुरलेला असतो. तो म्हणतो, "साहेब, बॅटरी दिवसभर जाते!" यावर वॅटोबा नुसते हसतात. 'दिवसभर' हे एकक त्यांना मंजूर नाही.

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत, प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात आणि गोतावळा मोठा असेल तर घरातही असा एक वॅटोबा असतो. वय चाळिशीच्या पुढे. लॅपटॉप थिंकपॅड, तोही सेकंडहँड, आणि त्यावर लिनक्स. कपाटात आणखी एक थिंकपॅड, त्याच्यावर फ्रीबीएसडी. राजकारण, क्रिकेट, सोसायटीची पाण्याची टाकी या विषयांवर ते फारसे बोलत नाहीत. मात्र कुणी सहज म्हणालं, "माझा लॅपटॉप हल्ली तापतो हो," की ते खुर्ची पुढे ओढतात.

विषय तसा अवघड नाही. प्रोसेसरला काम नसलं की तो झोपतो. हलक्या झोपेपासून गाढ झोपेपर्यंतच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी० म्हणजे टक्क जागा. सी१ म्हणजे बसल्या बसल्या काढलेली डुलकी, हाक मारली की लगेच 'ओ'. सी६ म्हणजे अंथरूण घालून, दिवा मालवून, डोक्यावरून पांघरूण घेऊन. कोअरची सगळी स्थिती एका छोट्याशा मेमरीत जपून ठेवायची आणि कोअरची वीजच काढून घ्यायची. इतक्या गाढ झोपेतून उठायला अर्थातच वेळ लागतो. २०१५ च्या स्कायलेक प्रोसेसरांसाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये जो तक्ता आहे, त्यात सी१ मधून उठायला २ मायक्रोसेकंद धरले आहेत आणि सी१० मधून ८९०. पुढचं काम किती वेळाने येईल याचा अंदाज बांधून कर्नल पायरी निवडतो. अंदाज चुकला तर पाठ टेकते न टेकते तोच उठावं लागतं आणि वाचवायला निघालेली वीज झोपण्याउठण्यातच खर्ची पडते.

हे सगळं वॅटोबा लग्नाच्या पंगतीत सांगतात. सी६ येईपर्यंत शेजारच्याची जिलबी संपलेली असते आणि वाढपी पुढे निघून गेलेला असतो.

इतिहास त्यांना मुखोद्गत आहे. झोपेचे हे नियम घालून देणारं एसीपीआय नावाचं मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ च्या डिसेंबरात आणलं. पण लिनक्स खऱ्या अर्थाने झोपायला शिकलं ते २००७ मध्ये, असं वॅटोबांचं मत आहे आणि ते बरोबरच आहे. तोवर काम असो वा नसो, कर्नल ठरल्या ठोक्याला प्रोसेसरला उठवायचा. सेकंदाला शंभर, अडीचशे किंवा हजार वेळा, जशी बांधणी असेल तसं. २.६.२१ या आवृत्तीत रिकामपणीचा हा ठोका थांबवायची सोय झाली आणि त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप काढला. कोणता प्रोग्राम प्रोसेसरला किती वेळा उठवतो याच्या चहाड्या हा पॉवरटॉप सांगतो. काहीही लिहीत नसताना लुकलुकणारा करसरसुद्धा प्रोसेसरला उठवतो, हे वॅटोबांना तेव्हा कळलं. त्या दिवसापासून त्यांनी करसरची लुकलुक बंद केली आहे. आपण ओळीत नेमके कुठे आहोत हे त्यांना हल्ली शोधावं लागतं.

मोजणी बघायची असेल तर रात्री दहानंतर जावं. वॅटोबा आधी चार्जर काढतात, कारण बॅटरीतून किती वीज वाहते हे चार्जर काढल्यावरच नीट दिसतं. त्यामुळे त्यांची बॅटरी सदैव चाळीस टक्क्यांच्या खाली असते. मग ब्राउझर बंद, वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, पडद्याचा उजेड शेवटच्या काडीपर्यंत खाली.

"अहो, मग काम कशावर करायचं?" आतून प्रश्न येतो.

"श्शू! माउसला धक्का लागेल."

हात मांडीवर घेऊन ते वीस सेकंद स्तब्ध बसतात. पडद्यावर यादी उमटते. त्यात वायफाय नाही, ब्राउझर नाही. वरून तिसरं नाव खुद्द पॉवरटॉपचं असतं. पहारेकऱ्याच्याच बुटांचा आवाज होतोय म्हटल्यावर करणार काय? वॅटोबा मोठ्या मनाने त्याला माफ करतात.

खरा पेच पुढे असतो. सगळे कोअर अठ्ठ्याण्णव टक्के वेळ गाढ झोपलेले दिसतात, तरी वॅट उतरत नाहीत. कोअर झोपले म्हणजे अख्खी चिप झोपली असं नसतं. तिच्या स्वतःच्या वेगळ्या पायऱ्या आहेत आणि डिस्क, कार्ड रीडर, यूएसबी यांच्यापैकी एखादा जरी जागा राहिला तरी ती दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर अडून बसते. मग चिपच्या पायऱ्या दाखवणारा टर्बोस्टॅट हा प्रोग्राम उघडून जागं कोण आहे याची झडती सुरू होते. पुष्कळदा गुन्हेगार निघायचा साटा डिस्कची जोडणी. तिला सक्तीने झोपवायची सोय पूर्वीही होती, पण काही डिस्कांवर तिच्यामुळे माहिती खराब होत असल्याच्या तक्रारी होत्या. म्हणजे दीड वॅटपायी मुंजीचे फोटो पणाला! हान्स द खुडे या डच प्रोग्रामरने विंडोजवाल्यांच्या चालीचा बेताचा पर्याय लिनक्समध्ये आणला, तो २०१८ च्या जानेवारीत ४.१५ या आवृत्तीत. त्याने रिकाम्या लॅपटॉपची दीड वॅटपर्यंत वीज वाचू शकते. फोटोही शाबूत राहतात.

दीड वॅट म्हणजे किती? ५० वॅट-तासांच्या बॅटरीवर ६ वॅट खाणारा लॅपटॉप सव्वाआठ तास चालतो, साडेचार खाणारा अकरा तास. फरक मोठा आहे, यात शंका नाही. फक्त वॅटोबा दोन तासांच्या वर प्लगपासून लांब कधी नसतात. आणि रोज सहा तासांच्या हिशेबाने वर्षाला वाचणारी वीज भरते साधारण ३.३ युनिट. त्यांच्या न्हाणीघरातला दोन किलोवॅटचा गीझर तेवढी वीज शंभर मिनिटांत फस्त करतो, आणि वॅटोबांना आंघोळीला भरपूर कढत पाणी लागतं. हा हिशेब त्यांच्यासमोर मांडू नये. घरच्यांनी एकदा मांडला होता, तेव्हा त्यांना गीझरचे वॅट मोजायची कल्पना सुचली.

कपाटातल्या फ्रीबीएसडीची तऱ्हा और आहे. तिथे बायोस ज्याला सी३ म्हणतं ते इंटेलच्या लेखी सी६ किंवा सी७ही असू शकतं. त्यातून काही जुन्या थिंकपॅडांवर चार्जर लावला की खालच्या पायऱ्या गायबच होतात आणि काढला की परत येतात. शिवाय गाढ झोपेत वारंवार जाता-येताना वीजपुरवठ्याची कॉइल बारीक शिट्टी घालते. "डास आहे का खोलीत?" असं घरातून विचारलं गेलं की वॅटोबा खूश होतात. शिट्टी आहे, म्हणजे झोप लागते आहे!

त्यांच्यावर खरा प्रसंग आला तो बहिणीच्या मुलामुळे. त्याने कॉलेजसाठी जुना स्वस्तातला लॅपटॉप घेतला, त्यावर मामाच्या सांगण्यावरून लिनक्स घातलं, आणि लॅपटॉप मध्येच गोठायला लागला. बाण हलेना, बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. मित्र म्हणाले रॅम, दुकानदार म्हणाला डिस्क बदला. मामांनी प्रोसेसरचं नाव वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. बे ट्रेल! २०१३-१४ च्या सुमारच्या या प्रोसेसरांचा लिनक्सवर हाच बोभाटा होता आणि तो वर्षानुवर्षं गाजला. त्यावरचा जालीम उपाय जगजाहीर आहे: कर्नलला बजावायचं की मॅक्स सी-स्टेट एक. डुलकीच्या पुढे झोपायचंच नाही.

ज्या हातांनी आयुष्यभर प्रोसेसर निजवले, त्याच हातांनी ती ओळ मशीन सुरू करणाऱ्या ग्रबमध्ये लिहायची होती. वॅटोबांनी ती लिहिली, दोनदा वाचली, मशीन रीबूट केलं आणि गार झालेला चहा तसाच प्यायले.

गोठणं थांबलं. बॅटरी आता लवकर उतरते, पण भाच्याला त्याचं काही नाही.

"मामा, अडकत नाही ना आता? मग झालं की!"

"झालं काय? सी१ वर तळमळतोय तो रात्रंदिवस."

"अरे पण मामा, माझं सबमिशन आहे."

"नवा कर्नल घालून एकेक पायरी उघडून बघतो. गणपतीच्या सुट्टीत होईल. तोवर माझा थिंकपॅड वापर." लॅपटॉप पिशवीत घालून मामा जिन्यापर्यंत गेले आणि तिथून ओरडले, "आणि त्याला चार्जर लावू नकोस रे, मोजणी चालू आहे!"