काकूंचं बिऱ्हाड ॲरिझोनात

अहो, ऐकलंत का? या, या अशा कुंपणाशी, ते फावडं ठेवा बाजूला. बर्फ काय, तुम्ही ड्राइव्हवे साफ कराल तोवर पुन्हा पडणारच आहे. मिसिसागाच्या जानेवारीत दुसरं असतं काय! पण बातमी शिळी झाली की मजा नाही. काल संध्याकाळी काकूंचा व्हिडिओ कॉल आला होता. नेसल्या होत्या संक्रांतीची काळी साडी, पायात चपला, मोजे नाहीत काही नाहीत! मागे लख्ख ऊन. मला म्हणतात, "आत्ताच सगळ्या गाड्यांना तिळगूळ वाटून आले गं." गाड्यांना म्हणजे शेजाऱ्यांना हो. तिथे घर म्हणजे गाडीच ना.

तर काय सांगत होते... हां, विहीणबाई. सांगते, सांगते. पण आधीचं डोक्यात नसेल तर चव नाही यायची.

ती आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, काका-काकूंच्या ड्राइव्हवेत येऊन उभी राहिली तो दिवस आठवतोय ना? सेकंड हँड, क्लास सी, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा असलेली. अख्ख्या गल्लीचे पडदे हलले त्या दिवशी. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "एवढे पाहुणे कोण आले यांच्याकडे?" कोपऱ्यावरच्या भाऊंना वाटलं, काका आता वडापावचा फूड ट्रक काढतायत. आणि काका आपले हात पुसत सांगतायत, "हिवाळा ॲरिझोनात काढणार." मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं बीपी?" काका म्हणाले, "बर्फ उपसताना कुठे जातं रे ते बीपी?" मुलगा गप्प. आणि सूनबाई? "वा, छानच की," म्हणाल्या, आणि त्याच दमात, "पण मुलांना शाळेतून कोण आणणार?" निघून गेलं हो तोंडातून. मी तिथेच होते, कोथिंबीर परत द्यायला गेले होते.

बीपीवरून आठवलं, ते प्रकरण काही साधं नव्हतं. आपलं ओहिप, सरकारी आरोग्य विमा हो, सीमेपलीकडे कितीसं पुरतं? हॉस्पिटलात ठेवलं तर दिवसाला जास्तीत जास्त ४०० डॉलर, तेही आपले. तिकडचं बिल कसलं असतं ते तुम्हाला मी काय सांगू. म्हणून प्रवासाचा विमा घ्यायला गेले, तर सप्टेंबरात डॉक्टरांनी गोळीचा डोस बदललेला! डोस बदलला की तब्येत स्टेबल असल्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, अशी त्या पॉलिसीतली अट. काकांनी डॉक्टरांना काय ऐकवलं ते मी सांगत नाही, काकूंनी शपथ घातलीय. पण निघायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला तो त्यामुळे. लोक उगाच म्हणत होते, सुनेने अडवलं म्हणून.

आणि काकांचे हिशेब! शेवटी बँकेतला माणूस. तिकडे सहा महिने राहता येतं असं आपण म्हणतो, पण अमेरिकेच्या टॅक्सवाल्यांचं गणित निराळं. यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याच्या आदल्या वर्षीचे एक षष्ठांश धरायचे. बेरीज १८३ झाली की फॉर्म भरून सांगत बसा, आमचं खरं घर कॅनडात आहे म्हणून. काकांनी फ्रिजवर कागदच लावलाय. दर वर्षी १२० दिवस, म्हणजे १२० अधिक ४० अधिक २०, झाले १८०. तीन दिवस हातात. मी वाचलंय ना तो कागद! किल्ली माझ्याकडेच आहे. हिवाळ्यात घर रिकामं ठेवलं तर कोणीतरी येऊन बघायला हवं, नाहीतर पाइप फुटला की विमा कंपनी हात वर करते. म्हणून मी जाते, फर्नेस बघते, नळ बघते... फ्रिज बघते.

तर काय सांगत होते... हां, सीमा! काकूंनी काय करावं? घरच्या कुंडीतल्या कढीपत्त्याच्या डहाळ्या धुऊन, टिपून, झिपलॉकमध्ये भरून घेतल्या. डेट्रॉइटच्या पुलापलीकडे ऑफिसरने विचारलं, काही झाडपाला आहे का? काकू खरं बोलणाऱ्या. त्यांनी पिशवीच पुढे केली. झालं! कढीपत्ता पडला लिंबाच्या कुळातला. त्याच्यावर एक बारीकशी कीड येते आणि ती संत्र्या-लिंबांचा रोग पसरवते. फ्लोरिडातल्या बागांची वाट लागली ती त्याच रोगाने. म्हणून ताजी पानं नेऊ देत नाहीत. पिशवी गेली कचऱ्यात. काका सांगत होते, हिचा चेहरा असा, की हातातल्या पाटल्या उतरवून घेतल्यात. ओहायो संपेपर्यंत बोलल्या नाहीत म्हणे. अहो, ती कुंडी त्यांनी एवढ्या हिवाळ्यांत खिडकीत ठेवून जगवलेली... आता तिला पाणी घालायचं कामही माझ्याकडेच. चार पानं मी घेते आमटीला, त्यात काय एवढं.

आणि पहिले काही दिवस गाडीत पाणीच नव्हतं हो! नळ होता, पाणी नाही. इथून निघायचं तर पाइपांत ते गुलाबी अँटीफ्रीझ भरलेलं. गोठणाऱ्या थंडीतून बाहेर पडेपर्यंत नळ सोडायचा नाही. बाटलीच्या पाण्याने चहा, बाटलीच्या पाण्याने दात. ऊबदार भागात पोचल्यावर पाइप धुऊन घेतले आणि मग काकूंनी पहिल्यांदा कुकर लावला. फोडणी टाकली तर स्मोक अलार्म! आता फोडणी बाहेर, घडीच्या टेबलावर. आणि ते दुसरं... संडासाची टाकी हो! ती कोण रिकामी करणार? ज्या माणसाने या घरात कधी कचऱ्याचा डबा बाहेर नेला नाही, तो हातमोजे घालून आधी काळी टाकी सोडतो, मग करडी, म्हणजे बेसिनच्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. काकू म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांच्या हातात घरकाम बघतेय." आणि काय हसल्या!

राहतात कुठे? क्वार्टझसाइट. एरवी काही हजार वस्तीचं गाव, वाळवंटातलं. हिवाळा आला की गाड्याच गाड्या, मिनेसोटाच्या, आल्बर्टाच्या, कुठकुठच्या. जानेवारीत मोठा तंबू ठोकून आरव्हीचं प्रदर्शन भरतं, आणि रत्नं नि दगडांचे बाजार वेगळेच. सरकारी मोकळी जमीन आहे ला पोसा नावाची, तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायला बरीच वर्षं अवघे १८० डॉलर घ्यायचे. वीज नाही, छपरावर सोलर लावायचं. दात दुखले तर खाली युमाला जायचं, गाडी लावायची आणि पायी पलीकडे मेक्सिकोत, लॉस अल्गोडोनेसला. तिथे म्हणे दारोदार डेंटिस्ट. काकांनी क्राउन बसवून घेतला, आता हसताना मुद्दाम त्या बाजूने हसतात.

आणि गंमत! काकूंनी ग्रुपवर टाकलं, "आज हाजी अलीला जाऊन आलो." समोरच्या वहिनी लगेच फोनवर, "अय्या, मुंबईला पोचले?" तिथेही एक हाजी अली आहे हो! अमेरिकेच्या लष्कराने १८५६ मध्ये उंट मागवले वाळवंटासाठी, त्यांच्याबरोबर आलेला उंटवाला. गोऱ्यांच्या तोंडात नाव बसेना, त्याचं केलं हाय जॉली. १९०२ मध्ये तिथेच गेला. थडग्यावर दगडांचा पिरॅमिड आणि वर तांब्याचा उंट. काका प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतात, दादरचे ना.

तर आता खरी गोष्ट. गल्लीत काय काय बोलतात ते तुम्हीही ऐकलंय. "या वयात काय हे," "नातवंडं टाकून गेले," मंडळात तर कोणीतरी म्हणालं, घरात भांडण झालंय. मी सांगते काय झालंय. काही झालेलं नाही. इतकी वर्षं काका पहाटे उठून आपला बर्फ काढून झाला की सुनेच्या गाडीवरचा काढायचे, मग भाऊंच्या फुटपाथवरचा. काकू नातवंडांना आणायच्या, भरवायच्या, मंडळाचे मोदक त्यांच्याच बेसमेंटमध्ये. सगळ्यांना राग गाडीचा नाही आलेला. बिनपगारी माणसं निघून गेली, त्याचा आलाय. पण असं तोंडावर कोण बोलणार? मग बीपी, वय, नातवंडं...

सूनबाई मात्र हुशार. ताबडतोब आईला नाशिकहून बोलावून घेतलं. सुपर व्हिसा, एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. सुटला प्रश्न! विहीणबाई आल्या, पहिला आठवडा मुलांना आणलं, भरवलं, दुसऱ्या आठवड्यात बर्फावर घसरल्या. लागलं नाही फारसं. पण बसल्या बसल्या ग्रुपवरचे फोटो बघायला लागल्या. ऊन बघितलं, उंट बघितला, काकूंच्या चपला बघितल्या. आणि काल काकू मला सांगतायत, "अगं, विहीणबाईंनी फोन करून विचारलंय, तुमच्या त्या माळ्यावर एक माणूस झोपू शकतं का?"

अहो खरंच! अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा त्यांच्याकडे आहेच, ह्यूस्टनला भाच्याकडे जाऊन आल्यात ना मागे. फीनिक्सपर्यंत विमान, पुढे काका घ्यायला येणार. तिकीटसुद्धा बघून ठेवलंय. लेकीला अजून पत्ता नाही. शनिवारी हळदीकुंकू आहे ना सूनबाईंकडे, तिथेच सांगणार म्हणे, चार बायकांसमोर, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही.

मी तर लवकर जाणार आहे. दिवाणखान्यातली ती कोपऱ्यातली खुर्ची, जिथून स्वयंपाकघर सरळ दिसतं, ती माझी. तुम्ही शेजारी बसा. आणि हे बघा, तोंडावर काही दिसू द्यायचं नाही हं!