सेटिंग अजून लागायचीय

कंपनी विकते ती गाडी अर्धीच असते, उरलेली अर्धी उद्यमनगरातल्या गाळ्यांत करून घ्यायची असते, अशी कोल्हापुरातल्या एका जमातीची श्रद्धा आहे. या जमातीतला एक तरी इसम प्रत्येक गल्लीत असतो. आमच्या गल्लीतल्याला सगळे 'सेटिंगवाला' म्हणतात. वय तिशीच्या अलीकडे, नोकरी पतसंस्थेत, पगार बेताचा. गाडीवर आजवर झालेला खर्च घरात कुणालाच माहीत नाही, त्यालाही नाही. 'काय, गाडी कशी पळतीय?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पळतीय की. पण सेटिंग अजून लागायचीय."

2018 साली गाडी शोरूममधून आली तेव्हा सगळं रीतसर झालं होतं. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आईनं ओवाळलं. आठवड्याच्या आत साडीगार्ड निघालं. कारण? 'उगंच वजन.' मग आरसे गेले, मागचं मडगार्ड गेलं, मागचा माणूस धरतो तो दांडा गेला. गाडी हलकी झाली की पिकअप वाढतो, हे शास्त्र अगदी खरं आहे. फक्त साडीगार्ड किलोभराचं आणि चालवणारा नव्वदीच्या घरातला, हा हिशेब त्याला ऐकवायचा अधिकार एकट्या त्याच्या आईला आहे, आणि तिच्या मते तो अलीकडं फार वाळलाय.

त्याच्या तत्त्वज्ञानाचं सार एका वाक्यात येतं. "कंपनीनं गाडी बांधून ठेवलीय." मग ती मोकळी करणं ओघानंच आलं. हे बोलताना त्याचा चेहरा असा होतो की कुणालाही वाटावं, पोरगा स्वातंत्र्यलढ्यात उतरलाय. आता यात काहीच तथ्य नाही असं नव्हे. आपल्याकडचं गिऱ्हाईक शोरूमचा काचेचा दरवाजा ढकलता ढकलताच 'ॲव्हरेज किती?' म्हणून विचारतं. दुसऱ्या बाजूनं सरकार धूर मोजतं. 2017 ला बीएस-4 आलं, 2020 ला बीएस-6. या दोघांची मर्जी सांभाळताना इंजिनाची थोडी ताकद कंपनी हातची राखते. ती काढून घेता येते. मात्र तिच्या बदल्यात पेट्रोल, इंजिनाचं आयुष्य किंवा मागे बसणाऱ्याची कंबर यांपैकी काहीतरी मोजावं लागतं. तत्त्वज्ञानाचा हा उत्तरार्ध त्याच्या वाचनात आलेला नाही.

मुक्तिसंग्रामाची सुरुवात सायलेन्सरपासून होते. इथं निवडीला तोटा नाही. बुलेटवाल्यांसाठी इंदोरी, पंजाबी, डॉल्फिन, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल. नावं ऐकून आपण गाडीच्या दुकानात आहोत की दुसऱ्याच, असा प्रश्न पडावा. सेटिंगवाल्यानं स्वतःच्या गाडीला आखूड नळकांडं बसवलं आणि आतली जाळीही काढून टाकली. परिणाम असा की कमी वेगात गाडी पूर्वीपेक्षा मरगळली, पण आवाज मात्र विमानाचा आला. माणसाच्या कानाची एक गंमत आहे, आवाज दुप्पट झाला की वेगही वाढल्यासारखा वाटतो. शिवाय ॲक्सिलरेटर सोडला की धाडधाड फटाके वाजतात. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन पेटतं, म्हणून तो आवाज होतो. म्हणजे त्याच्याच पैशाचं पेट्रोल इंजिनाच्या बाहेर जळतं. त्याला तो बोनस वाटतो.

या आवाजाचा खरा फायदा एकट्या आईला झाला. गाडी चौकात आली की ती तव्यावर भाकरी टाकते. पोरगा हात धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी फुगलेली असते. ऐंशी ते एकशेपंचाहत्तर सीसीपर्यंतच्या गाडीचा आवाज कारखान्यातून निघताना 77 डेसिबलच्या आत हवा असा नियम आहे. तो पाळला तर या घरात भाकरी गार होईल.

'सायलेन्सर बदलला की गाडी पळते' ही समजूत आली कुठून, याचा मी थोडा माग काढला, आणि अपराधी सापडला तो टू-स्ट्रोक. यामाहाची आरएक्स 100 आपल्याकडं 1985 ते 1996 या काळात निघाली. 98 सीसी आणि 11 बीएचपी. आज पन्नाशीला टेकलेला कुठलाही कोल्हापूरकर तिचं नाव निघालं की पहिल्या प्रेमाची चौकशी झाल्यासारखा गप्प होतो. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा खरोखरच इंजिनाचा भाग असतो. बाहेर निघालेल्या धुराची दाबलहर नळीच्या फुगीर पोटावरून उलटते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. पोटाचा आकार नेमका साधला की ताकद वाढते. ही विद्या परिपूर्ण केली पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यातल्या वॉल्टर काडेन या अभियंत्यानं. त्याचा रेसर एर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये स्वीडनच्या शर्यतीवरून परस्पर पळाला, ती गुपितं घेऊन सुझुकीला मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीच्या 50 सीसी गाडीवर जगज्जेता झाला. एका सायलेन्सरपायी माणसानं देश सोडला! आमचा सेटिंगवाला घरच्यांशी नुसता अबोला धरतो, हे त्या मानानं सौम्यच म्हणायचं. अडचण इतकीच की त्याची गाडी फोर-स्ट्रोक आहे. तिथं ती उलटी लहर इतकं काही देत नाही. पण देव बदलला म्हणून कुणी नवस बदलत नाही.

सायलेन्सरनंतर स्पॉकेटचं प्रकरण. ते मी जवळून पाहिलंय, म्हणून सविस्तर सांगतो. त्याच्या गाडीला पुढचं स्पॉकेट 15 दात्यांचं आणि मागचं 42 चं. पुढचा एक दाता कमी केला की पिकअप वाढतो, असं त्याला कळलं. 14 चं बसवलं. पिकअप खरोखर वाढला, दोन दिवस तो हवेत होता. तिसऱ्या दिवशी हायवेला गाडी लवकरच ओरडायला लागली, टॉप पडला. मग टॉप परत आणायला मागचं स्पॉकेट बारीक केलं, 39 चं. टॉप आला, पिकअप गेला. तो चक्रावून माझ्याकडं आला. मी कागदावर भागाकार मांडला. 42 भागिले 15 म्हणजे 2.80. 39 भागिले 14 म्हणजे 2.79. दोन स्पॉकेट, एक नवी चेन आणि मजुरी एवढं घालून तो कंपनीच्याच दारात परत येऊन उभा होता. कागदाकडं बराच वेळ बघून तो म्हणाला, "पण आता ही माझी सेटिंग हाय की."

मला वाटतं, सगळं मर्म त्या वाक्यात आहे. ताकद वाढली की नाही हा मुद्दा दुय्यम. एका साच्यातून निघालेल्या लाखो गाड्यांतली एक आपली आहे, हे त्याला सोसत नाही. आणि गावही असं मिळालंय की बाहेरून आलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय इथं कुणाला चैन पडत नाही. बाबूराव पेंटरांनी 1918 मध्ये सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला. उद्यमनगरात आजही लेथवर काय हवं ते कातून मिळतं. अशा गावात पोरगं नुसतं पेट्रोल भरून गाडी चालवेल, ही अपेक्षाच चूक.

त्याला खरं सुखात बघायचं असेल तर घाटात नव्हे, संध्याकाळी मेस्त्रींच्या गाळ्यात बघावं. गाडी उघडलेली असते. मेस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकत असतात. मग ते प्लग काढतात. फडक्यानं पुसत नाहीत, कारण रंग बघायचा असतो. टोक पांढरं असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळं असेल तर जास्त होतंय, बदामी आलं की जमलं. एका प्लगवर चार डोकी वाकतात.

"बदामी हाय."

"कुठला बदामी? पांढरट हाय ओ."

"ट्यूबचा उजेड पडलाय त्यो."

शेवटी उद्या सकाळी उन्हात बघायचं ठरतं आणि चहा येतो. नव्या बीएस-6 गाडीवाला कुणी आला तर त्याला बसायला जागा देतात, पण 'कंप्युटर हाय त्यो' म्हणून त्याच्याबद्दल दुखवटाही व्यक्त होतो. त्याला स्क्रूचं सुख नाही, त्याचं सगळं लॅपटॉपवर.

हे सगळे न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोचे भक्त. त्याच्यावरचा सिनेमा त्यांनी पारायणं करावीत तसा पाहिलाय. 1920 ची इंडियन स्काउट गाडी त्या माणसानं आयुष्यभर घरच्या शेडमध्ये घडवली, पिस्टनसुद्धा स्वतः ओतले, आणि 1967 मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर तिला ताशी 295 किलोमीटरच्या आसपास पळवलं. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. पण मन्रोची गाडी घड्याळ लावून मोजली जायची. आमच्या मंडळींना मोजणीचं वावडं आहे. खरं तर मोजायलाच हवं, कारण वेगाबरोबर हवेचा अडथळा इतका झपाट्यानं वाढतो की 110 ची गाडी 120 ला न्यायची तर ताकद जवळजवळ तीस टक्के वाढवावी लागते. 'एकदा डायनोवर चढवून बघ, किती वाढली ते कळेल,' असं मी सेटिंगवाल्याला सुचवलं, तर त्यानं पत्रिका बघू नका म्हणणाऱ्या मुलाच्या बापासारखं तोंड केलं. "मशीनला काय कळतंय? बुडाला कळतंय."

पोलिसांना मात्र कानानं कळतं.

"सायलेन्सर कुठला रं ह्यो?"

"कंपनीतनंच असा आलाय, साहेब."

"कुठल्या कंपनीतनं? उद्यमनगरातल्या?"

मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ मध्ये 2019 च्या दुरुस्तीपासून तरतूद आहे की मालकानं परवानगीबाहेर बदल केला तर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द वाचून तो पहिल्यांदाच आकडेमोड करताना दिसला. तेव्हापासून पीयूसीच्या दिवशी कंपनीचा सायलेन्सर माळ्यावरच्या पोत्यातून उतरतो आणि संध्याकाळी परत चढतो.

गाडी मेस्त्रींकडं असते तेव्हा हा कामावर जातो कसा? वडिलांची, म्हणजे आण्णांची, स्प्लेंडर घेऊन. घरात सगळ्यात जुनी तीच. तिला आजवर त्यानं पाना लावलेला नाही, लावू म्हटलं तर आण्णा लावू देणार नाहीत. महिन्यातले निम्मे दिवस परफॉर्मन्सवाला स्प्लेंडरवर आणि आण्णा चालत, असा शिरस्ता पडलाय. आण्णा एवढंच विचारतात, "ॲव्हरेज किती देती रं तुझी?" त्यावर तो माळ्याकडं बघतो.

आता त्याचं लग्न ठरलंय. होणाऱ्या बायकोनं गाडी एकदाच पाहिली आणि विचारलं, "मी बसायचं कुठं?" पोतं माळ्यावरून उतरलं. दांडा लागला, मडगार्ड लागलं, साडीगार्डही लागलं. तरी तिचा स्कूटरचा आग्रह आहे, त्यामुळे गाडी विकायची चाललीय. गिऱ्हाइकांना तो खर्चाची यादी सांगतो आणि गिऱ्हाईक तेवढ्यानंच भाव पाडून मागतं. बाजाराचा नियमच तसा, ओरिजिनल गाडीला किंमत येते, खर्च केलेलीला शंका.

तेव्हा वाचकहो, जुनी गाडी घ्यायला निघालात आणि मालक छाती फुगवून 'लई खर्च केलाय हिच्यावर' म्हणाला, तर चक्कर मारण्याआधी कंपनीचा सायलेन्सर कुठं आहे ते विचारा. माळ्यावर आहे म्हणाला तर शिडी मागवा, पोत्यासकट उतरवून घ्या आणि मगच पैसे द्या. कायद्यातला दंड गाडीच्या मालकाला बसतो, आणि सही केल्यावर मालक तुम्ही असता.