ग्रेडअण्णा

सोलापुरात गाडीचं बॉनेट वर करून रस्त्याकडेला उभं राहावं आणि कुणीच येऊ नये, असं होत नाही. आधी दोन पोरं येतात, ती नुसती बघतात. मग एखादा रिक्षावाला रिक्षा न थांबवताच "बॅटरी!" एवढं निदान फेकून जातो. आणि मग येतात ग्रेडअण्णा.

हे एका माणसाचं नाव नव्हे. विजापूर रोडला एक आहेत, होटगी रोडला एक आहेत, बाळीवेशीत दोन आहेत आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, खिशात पेनाशेजारी हवेचा गेज, आणि रुमाल असा की ज्याचा मूळ रंग घरच्यांनाही आठवत नाही. गाडीला काय झालंय, हे ते विचारत नाहीत. टायर पंक्चर असला तरी पहिला प्रश्न ठरलेला. "ऑइल कुठलं घातलंय मालक?"

उत्तर काहीही द्या, ते चुकतंच. "फाइव्ह-थर्टी" म्हटलं, तर अण्णा डोळे मिटून घेतात. एखाद्याच्या घरची वाईट बातमी कळावी तसं तोंड होतं. "झीरो-ट्वेंटी" म्हणणाऱ्याशी तर ते बोलतच नाहीत, त्याच्या बायकोकडे बघून बोलतात. "वहिनी, पाणी घालून गाडी चालवूलालेत हे."

कंपनीनंच सांगितलंय म्हणावं, तर त्यावर अण्णांचा न्याय तयार असतो. "कंपनी कुठं हाय? गुरगावला. ऊन कुठं हाय? हितं." गुरगावातही मे महिन्यात अंगाची लाही होते, हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो. ऊन ही सोलापूरची खासगी मालमत्ता आहे, अशी त्यांची समजूत आहे आणि एप्रिलनंतर ती समजूत खोडून काढायला बाहेर पडेल कोण?

मग सुरू होते डिपस्टिकची पूजा. पट्टी ओढायची, रुमालाला पुसायची, परत घालायची, परत ओढायची. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. पुढं मात्र तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून ते चोळतात, बोटं हळूहळू लांब करतात, तार येते का बघतात आणि वास घेतात. "काळं पडलंय. मेलंय हे." तेल काळं पडणं हे बऱ्याचदा ते काम करत असल्याचं लक्षण असतं. त्यातली डिटर्जंट-डिस्पर्संट द्रव्यं इंजिनातली काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळं दिसतं. डिझेल गाडीत तर नवं तेलही बघता बघता काळं होतं. पण अण्णांच्या लेखी काळं म्हणजे मेलेलं आणि पातळ म्हणजे मरायला टेकलेलं.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: "पातळ आमटीनं भाकरी भिजती, पोट भरत न्हाई." म्हणून जितकं ऊन कडक, तितकं तेल जाड. बाहेर ४४ डिग्री, आत ट्वेंटी-फिफ्टी, विषय संपला.

गंमत अशी की इंजिनाला बाहेरच्या ४४ डिग्रीचं फारसं कौतुक नसतं. गाडी नीट तापली की तेल १०० अंशांच्या आसपास जातं, मग ती सात रस्त्याच्या सिग्नलला उभी असो की श्रीनगरला. थर्मोस्टॅट नावाचा एक छोटासा भाग कूलंट नव्वदीच्या आगेमागे राखून ठेवतो. रेडिएटर आणि पंखा धड असले की सोलापूरचा उन्हाळा परस्पर निकालात निघतो. डब्यावरचा दुसरा आकडा हा याच १०० अंशांवरचा दाटपणा. तिसाचं तेल म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, पन्नासाचं म्हणजे १६.३ ते २१.९. हे एकदा आमच्या गल्लीतल्या एका इंजिनिअर पोरानं अण्णांना समजावून सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे लिटरला किती किलो?"

पहिला आकडा तर त्यांच्या हिशेबी निव्वळ शोभेचा. तो थंडीचा आहे. पाच डब्ल्यूचं तेल उणे ३० अंशांवर तपासतात, पंधरा डब्ल्यूचं उणे २० वर. एवढ्या गारठ्यात स्टार्टर इंजिन फिरवू शकेल का, एवढंच त्यात बघायचं असतं. सोलापूरकर गड्ड्याच्या यात्रेत मफलर गुंडाळून फिरतो तेव्हाही पारा शून्याच्या पुष्कळ वर असतो. त्यामुळं इथं अण्णा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. पंधरा डब्ल्यूमुळं सोलापुरात कुणाची गाडी अडलेली नाही आणि पाच डब्ल्यूअभावी अडणारही नाही. पातळ तेल सकाळी पहिल्या सेकंदांत वर हेडपर्यंत लवकर पोचतं, हा फायदा उरतोच; पण तो कानाला ऐकू येत नाही, आणि अण्णांचा विश्वास कानावर.

त्या कानाचाही एक इतिहास आहे. अण्णांची उमेदीची वर्षं ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या बॉनेटाखाली गेली. त्या इंजिनांत रिंगा झिजायच्या, धूर निघायचा, तेल प्यायच्या त्या गाड्या. अशा इंजिनात जाड तेल घातलं की आवाज खरोखर बसायचा, धूर कमी व्हायचा, आणि मालक खूश होऊन चहा सांगायचा. त्या चहावरच अण्णांचं शास्त्र उभं आहे आणि त्या गाड्यांपुरतं ते खोटं नव्हतं. आजच्या इंजिनात बेअरिंगच्या फटी नेमक्या तेलाच्या हिशेबानं राखलेल्या, व्हॉल्व्हची वेळ मागंपुढं करायलासुद्धा तेलाचाच दाब वापरलेला. तिथं पन्नासाचं ओतलं तर इंजिन बंद पडत नाही, नुसतं जड होतं आणि पेट्रोल जास्त पितं. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. अण्णांना काही पुरावा तरी मिळाला असता.

मेकॅनिक या वादात पडत नाही. त्याच्याकडे कोपऱ्यात एक बॅरल आहे. बॅरलमध्ये जे आहे ते त्या दिवशी सगळ्या गाड्यांना लागू पडतं. तीनचाकी टेम्पोलाही आणि डॉक्टरांच्या ऑटोमॅटिकलाही. अण्णांनी "ट्वेंटी-फिफ्टी घाल बे" म्हटलं तरी तो "हाय की" म्हणतो, पोरानं मॅन्युअल दाखवलं तरी "हाय की" म्हणतो. माझ्या मते गाड्यांचं खरं नुकसान अण्णांपेक्षा ह्या "हाय की"नं जास्त होतं. अण्णा निदान डब्यावरचा आकडा वाचतात.

आणि अण्णांची स्वतःची गाडी? जुनी टू-स्ट्रोक स्कूटर. त्या इंजिनात तेल साठवून फिरवायची सोयच नाही. टूटी ऑइल पेट्रोलबरोबर आत जातं आणि जळून सायलेन्सरातून बाहेर पडतं. डब्यावर ना पंधरा, ना चाळीस, ना डब्ल्यू. आयुष्यभर लोकांच्या ग्रेडची काळजी वाहिलेल्या या माणसाला स्वतःच्या इंजिनासाठी ग्रेड निवडायचा प्रसंग आलेला नाही. हे त्यांना कुणी म्हणून दाखवत नाही, कारण अडल्यावेळी रात्री अकराला मोहोळपर्यंत स्टेपनी घेऊन येणारेही तेच असतात.

मध्यंतरी त्यांच्या पुतण्यानं इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेढे आले. अण्णांनी पेढा तोंडात टाकला आणि सवयीनं विचारलं, "ऑइल कुठलं रे?"

"काका, हिला इंजिनच नाही."

अण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेट उघडायला लावलं, आत बघितलं, हात घालायला जागा शोधली. चारही टायर दाबून बघितले. काही न बोलता घरी गेले. काकूंनी नंतर सांगितलं की संध्याकाळी जेवलेसुद्धा कमीच.

दोन दिवसांनी सकाळीच पुतण्याच्या दारात हजर.

"का रे, मोटार डायरेक्ट चाकाला जोडलीय का?"

"नाही काका, मधे रिडक्शन गिअर आहे."

"मग त्या गिअरात काय, हवा घालतेत?"

पुतण्यानं मॅन्युअल काढलं. पानं उलटली. गिअरसाठी तेल होतं, ग्रेडसकट. अण्णांनी पुस्तक हातभर लांब धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती ओळ परत एकदा वाचली.

"लय पातळ सांगितलंय बे ह्यांनी," ते म्हणाले, आणि पुस्तक मिटून पुतण्याला बॉनेट उघडायला सांगितलं.