हवापट्टी

नळाला पाणी यायच्या आधी काय येतं, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आधी खुर्रर्र, मग फुस्स, मग चार गढूळ थेंब, पुन्हा फुस्स. या मैफलीत मीटरचा काटा असा काही गरगरतो की बादलीचा तळ ओला व्हायच्या आत बिल चालू. तक्रार करायला जा. खिडकीपलीकडचे साहेब मान वर न करता म्हणतात, "मीटर फिरलं म्हणजे काहीतरी गेलंच असणार ना!" गेलं की. हवा गेली. हवा फुकट असते असं कुठल्या ठरावात लिहिलंय?

पाइप चोवीस तास भरलेला असेल तर हवेला आत शिरायला फटच नसते. पण आपण तासभर पाणी सोडतो आणि उरलेला दिवस पाइप रिकामे ठेवतो. म्हणजे आपला मूळ धंदा हवापुरवठ्याचा, पाणी आपलं जोडउत्पादन.

ही हवा वाटेतच बाहेर पडावी म्हणून मोठ्या जलवाहिनीच्या चढावर एअर व्हॉल्व्ह बसवतात. तो पाहायचा तर शहराबाहेर जा. धरणाकडून येणारी वाहिनी, माळावर सिमेंटचं चेंबर, झाकण कधीच भंगारात गेलेलं, आणि व्हॉल्व्हमधून पुरुषभर उंच पिचकारी. भोवती हंडे, कळशा, दोन म्हशी, एक ट्रॅक्टर, साबण लावून उभी असलेली पोरं. कुणीतरी सायकलची ट्यूब बांधून धार बरोबर हंड्याकडे वळवलेली. या सगळ्या योजनेतलं मला दिसलेलं एकमेव चोख अभियांत्रिकी काम ते. आणि हाकेच्या अंतरावरच्या गावात? दारोदार नवीकोरी तोटी. तोटीशेजारी घरमालकाला उभं करून फोटो काढलेला, आधार क्रमांक जोडलेला, टाकी आकाशी रंगवलेली. तोटी सोडली की हवा. म्हणजे पाण्याच्या नळातून हवा येते आणि हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी! फिटर येतो, व्हॉल्व्ह आवळतो, चहा घेऊन जातो. रात्री गाव तो सैल करतं. शहर म्हणतं, खेडी पाणी चोरतात. खेड्याला माणशी रोज 55 लिटर आणि शहराला 135, हे कागदावर कुणी ठरवलं, त्याला मात्र चोर म्हणायचं नाही. त्याला मापदंड म्हणायचं.

गावच्या टाकीत पाणी का नाही? पंपाचं वीजबिल थकलं, जोडणी तोडली. पाणी सोडणाऱ्याचा पगार कुणी द्यायचा यावर ग्रामसभा तहकूब. योजनेला कोटी मिळतात, वॉशरला पैसे मिळत नाहीत, कारण वॉशरसमोर नारळ फोडता येत नाही. काय बिघडतं फोडला तर? मांडव घाला. सनई लावा. 'या ठिकाणी माननीयांच्या शुभहस्ते गॅस्केट बदलण्यात आले' अशी संगमरवरी कोनशिला बसवा, पाना मखमली तबकातून आणा, व्हॉल्व्हला दोन थेंब ग्रीस घालताना फोटो काढा, चौकाचौकात फ्लेक्स लावा, त्यावर ग्रीस घालणाऱ्यापेक्षा मोठे चेहरे टाका. माझी तक्रार नाही. ग्रीस घाला.

कारण पुढचं हसण्यासारखं नाही. पाणी बंद झालं की रिकाम्या पाइपात पोकळी तयार होते आणि शेजारून वाहणारं गटार ती फुटक्या सांध्यातून आत ओढून घेते. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेला तेच आपल्या घरात. मग कावीळ, मग गॅस्ट्रो, मग सलाइनच्या बाटल्या धरून कॉरिडॉरमध्ये उभे नातेवाईक. यावर यंत्रणेचा उपाय एका ओळीचा: पाणी उकळून प्या. पाइप तुमचा, गटार तुमचं, आणि गॅस आमचा? लाज वाटत नाही?

नाही वाटत. चौकशी समिती नेमतात. समिती पाहणी करते, जेवते, अहवाल देते. अहवालात शिफारस एकच: वाहिनी जीर्ण झाली आहे, नवी टाकावी. वॉशरचा उल्लेख कुठेही नाही. नारळ मात्र सांगून ठेवलेत.