एवढं धरा बरं जरा

तुमच्या गावातही तो असणारच. दारात विटांवर चढवलेली मोटार, बनियन कुठं संपतं आणि ग्रीस कुठं सुरू होतं ते कळू नये असा अवतार, आणि बायकोच्या पातेल्यात डिझेलमध्ये बुडवून ठेवलेले नट. आमच्या जांब समर्थला त्याला अण्णा म्हणतात. इतर गावांतली ही जात निदान स्वतःची मोटार स्वतः उचकटते. आमच्या अण्णांचं तेवढ्यावर भागत नाही. तुम्ही वर्गणी मागायला जा, नाहीतर उसाला तोड मिळाली का ते विचारायला, चप्पल काढायच्या आत मोटारीखालून आवाज येतो, "कोण आहे? या, या. एवढं धरा बरं जरा."

आपण धरतो. इथंच माणूस फसतो. धरलेली वस्तू सोडायची परवानगी फक्त अण्णा देऊ शकतात, आणि अण्णा तेवढ्यात बारा नंबरचा पाना शोधायला घरात गेलेले असतात.

मोटार म्हणजे 'डुक्कर फियाट'. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट ११०० काढली, तिला हे नाव पडलं. आणि मोटार एकदा समोरून पाहिली की नाव ठेवणाऱ्याशी भांडावंसं वाटत नाही. इंजिन १०८९ सीसीचं, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची दारं उलटी, म्हणजे मुठी पुढं आणि बिजागऱ्या मागं. गावात या नावानं घोटाळे होतात. "अण्णांचं डुक्कर रस्त्यात आडवं झालंय" असा निरोप आला की निम्मे लोक ढकलायला निघतात आणि निम्मे काठ्या घेऊन.

ती सापडली जालन्याला. कुठकुठलं भंगार जालन्याच्या भट्ट्यांत येऊन पडतं आणि सळई होऊन बाहेर निघतं. आपल्या घराच्या स्लॅबमध्ये कुणाची कोणती मोटार गाडलेली आहे, सांगता येणार नाही. अण्णा तिथं भंगारात ट्रॅक्टरच्या नांगराचा फाळ बघायला गेले होते. फियाट वजनकाट्यावर उभी होती. नोंदणीचं पुस्तक डिकीत होतं, उंदरांनी फक्त कडेनं खाल्लेलं. फाळ राहिला आणि किलोच्या भावानं मोटार आली, ट्रॅक्टरमागं दोरखंडानं बांधून. वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत अण्णांनी दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं, "एवढं धर बरं जरा." भांडण त्यामुळे उद्यावर गेलं.

खरं तर आमचं जांब हे समर्थांचं जन्मगाव. १६०८ च्या रामनवमीला इथं जन्मलेला नारायण ठोसर 'सावधान' कानावर पडताच लग्नमंडपातून पळाला, ही गोष्ट आमच्याकडच्या पोरांना शाळेत घालण्याआधीच पाठ असते. पाठीशी एवढी परंपरा असून 'धरा' म्हटल्यावर आमचा एकही माणूस पळत नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्याच समासात मूर्खांची लक्षणं ओळीनं सांगितली आहेत. त्यांत किलोवर मोटार घेणारा नाही, आणि ती धरून उभा राहणाराही नाही. समर्थांनी गाववाल्यांना सांभाळून घेतलं म्हणायचं.

मागच्या एका निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आले. बॉनेटचा टेकू मोडलेला होता. अण्णांनी बॉनेट उचललं, "साहेब, एवढं धरा" म्हणाले आणि कार्बोरेटरवर ओणवे झाले. साहेबांचे दोन्ही हात वर. मग आतून एकेक प्रश्न येऊ लागला. रस्त्याचं काय झालं? डीपी जळून पडलाय, तो कधी बदलणार? कालव्याचं पाणी शेवटच्या शेताला कधी? कार्यकर्ते पुढं सरसावले तर अण्णा म्हणाले, "हात बदलू नका, झाकण पडंल माझ्या मानंवर." बॉनेट धरलेल्या पुढाऱ्याला नमस्कार करता येत नाही, घड्याळ बघता येत नाही, आणि 'बघू' म्हणून निघताही येत नाही. तो टेकू कायम मोडकाच ठेवावा असा ठराव ग्रामसभेत मांडायला हवा होता. पण अण्णांनी दुसऱ्याच दिवशी सळईचा नवा टेकू बसवला. लोकशाहीची त्यांना फिकीर नाही.

या सगळ्यात अवघड धरणं ब्रेकचं. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल पोकळ लागतं. ती काढायची तर एकानं आत बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकापाशी आडवं पडून निपल सैल करायचं, ऑइलातून बुडबुडे निघू द्यायचे, निपल कसायचं. मगच वरच्यानं पाय उचलायचा. पाय आधी उचलला की हवा परत आत. असं चारी चाकांना. अण्णांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तो दिवस नेमका याच कामाचा होता. नवरामुलगा इस्त्रीच्या शर्टात अंगणात उभा होता आणि पोहे व्हायला अजून वेळ होता. पुढं काय झालं ते सांगायला नको. आत पोहे झाले, चहा झाला, मानपानाचं बोलणं झालं, आणि बाहेर मुलगा पेडलवर. "मारा... मारा... धरा! सोडू नका हां!" मुलीनं खिडकीतून त्याला पहिल्यांदा पाहिलं ते घामाघूम, दात आवळून, स्टिअरिंगला लटकलेला. पाहुणे गेल्यावर घरात खल सुरू झाला, शिक्षण किती, शेती किती. अण्णांनी हात धुता धुता निकाल दिला, "पोरगं एकदा धरल्यावर सोडत नाही. देऊन टाका." संसार उत्तम चाललाय. जावई मात्र दिवाळीला मागच्या गल्लीनं येतात.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांचा नियम काढला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज'. नव्या नोंदणीची फी वीस हजार, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. "वीस हजारांत दोन शेळ्या आल्या असत्या," वहिनी म्हणाल्या, "अन् त्या सकाळी आपणहून उठल्या असत्या." नियमात पुढं असंही आहे, की ही गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, असल्या कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. मला वाटलं अण्णा खचतील. ते हरखले. "बापू, ही तेवढ्यासाठीच तर बाहेर पडती!" पंपावर जायचं, पेट्रोल भरायचं, घरी येईस्तोवर ते संपवायचं. कायद्याच्या इतक्या आत राहून मोटार चालवणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

त्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, चिरतात, गळतात. इथेनॉल येतं साखर कारखान्यांतून, कारखान्याला ऊस जातो आमच्या भागातून, आणि त्यात अण्णांचाही फड असतो. "माझाच ऊस माझ्या नळ्या खाऊ राहिला," म्हणत ते चिरलेली नळी उजेडात धरून बघत बसतात.

एरवी सांगितलं नसतं, पण आता निघालंच आहे. मध्ये एकदा अण्णा घरी नव्हते. मोटारीमागच्या भिंतीला एक काठी टांगलेली दिसली. एका टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं, दुसऱ्या टोकाला सीटच्या कडेला अडकेल अशी खाच. पेडल दाबून धरायची काठी! तीही वापरून वापरून गुळगुळीत झालेली. म्हणजे ब्रेकची हवा हा माणूस एकटा, कुणाच्याही पायावाचून काढू शकतो. आल्याबरोबर मी त्यांना धारेवर धरलं. अण्णांनी चिंधीला हात पुसले.

"काठी धरती चांगलं," ते म्हणाले. "पण बोलत नाही ना काही. अन् चुकल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या?"

पूर्वी शिव्या खायला त्यांचा मुलगा होता. अंधारात बॅटरी धरून धरूनच तो मोटार शिकला. आता चाकणला गाड्यांच्या कारखान्यात आहे, आणि तिथं धरायचं काम यंत्रांचे हात करतात. गावातली धरण्याजोगी पोरं अशीच एकेक करून पुण्याकडं गेली. राहिलो आम्ही. आमच्या हातात बॅटरी दिली की उजेड हलतो, आणि अण्णा खालून ओरडतात, "नाचवू नका हो, बोल्ट दोन दिसू राहिले!"

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. अण्णा "जेवला का" एवढं विचारतात आणि मोबाइल घेऊन मोटारीखाली सरकतात. तो पोरगा सुट्टीच्या दिवशी चाकणच्या खोलीत फोन धरून तास तास काळोखातला गियरबॉक्स बघत बसतो. "अण्णा, तो नाही, त्याच्या मागचा. उलटा फिरवू राहिलात." गेल्या रविवारी असंच चाललेलं असताना स्क्रीनवरचं चित्र थिजलं.

"सोडलंस का रे?" अण्णा खालून ओरडले.

वहिनी ओट्यावर दळण निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यानं नाही सोडलं. टॉवरनं सोडलं."