एका दिवसाच्या चोराला खुलं पत्र

तांत्रिक खंड यास,
मुक्काम आस्थापना शाखा, करारनाम्याचं शेवटचं पान.

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. तो तुला मिळणार नाही. राज्यातल्या कंत्राटी सिस्टर, एएनएम, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट यांच्या नोकरीतला एक दिवस तू दर वर्षी उचलतोस आणि त्या एका दिवसाच्या जोरावर त्यांची आख्खी सेवा खिशात घालतोस. मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातून आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. माझी नोकरी कायम होती, पेन्शन वेळेवर जमा होतं, माझ्या वाटेला तू कधी आला नाहीस. माझ्या हाताखाली ज्या मुली राबल्या, त्यांना तू गाठलंस. त्या बोलणार नाहीत, त्यांची ऑर्डर रिन्यू व्हायची आहे. म्हणून मी बोलते.

तुझी ओळख नसलेल्यांसाठी तुझं काम आधी सांगते. नेमणुकीची ऑर्डर निघते अकरा महिन्यांची, नाहीतर अकरा महिने एकोणतीस दिवसांची. मुदत संपली की एक दिवस ती बाई कागदावर कोणीच नसते. सेवेतला तो खंड म्हणजे तू. मग नवी ऑर्डर, नवा करारनामा आणि त्याचा बाँडपेपर तिच्याच पैशाने. त्यात लिहिलेलं असतं की नेमणूक निव्वळ तात्पुरती आहे आणि नियमित सेवेवर कसलाही हक्क सांगता येणार नाही. खाली तिने सही करायची. दहा-बारा वर्षं एकाच खुर्चीवर, एकाच वॉर्डात, एकाच गावात काम केलेली बाई दर वर्षी नव्याने ‘तात्पुरती’ होते, ती तुझ्यामुळे.

आणि त्या दिवशी दवाखान्यात काय चालतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस ठेवायला आयएलआर हा खास फ्रीज असतो. आतलं तापमान दोन ते आठ अंशांत राहावं लागतं आणि त्याची नोंद सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा करायची असते. आमच्याकडे ती नोंद एक कंत्राटी एएनएम करायची. तिच्या खंडाच्या दिवशी थर्मामीटर तिनेच वाचला, आकडा तिनेच सांगितला आणि सही दुसरीने केली. दुपारी एक पहिलटकरीण कळा घेऊन आली. टेबलाशी हीच उभी राहिली, कारण त्या वेळी प्रसूतीत मुरलेला हात केंद्रात तेवढाच होता. बाळ रडलं, वजन झालं, बीसीजी झाली. प्रसूती नोंदवहीत नाव मात्र दुसरीचं लागलं आणि मस्टरवर हिच्या नावापुढे आडवी रेघ. सरकारच्या लेखी ती त्या खोलीत नव्हतीच. त्या बाळंतपणात काही बिनसलं असतं, तर जी बाई कामावरच नाही तिच्या हातून घडलेल्या गोष्टीला जबाबदार कोण? मी वरिष्ठांना हे विचारलं. ‘मॅडम, एका दिवसाचं काय घेऊन बसलात,’ असं उत्तर मिळालं. एका दिवसाचं काही नसेल, तर तो दिवस तिला द्या की!

तू मिरवतोस ते कायद्याच्या नावाने, आणि कायद्याने तर तुला उघड थारा कधीच दिलेला नाही. माणसांना बदली कामगार किंवा तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षं राबवायचं आणि कायम कामगाराचा दर्जा मिळू नये हाच त्यामागचा हेतू ठेवायचा, याला महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा म्हटलं. चौथ्या अनुसूचीतली ही सहावी बाब. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. हरियाणात शिक्षकांना शाळेच्या वर्षापुरतं नेमून उन्हाळी सुट्टीत काढून टाकत. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पद्धतीची सालटी काढली. तिथली उन्हाळी सुट्टी ती इथला तू. वनखात्याच्या मजुरांचा खटलाही त्याच न्यायालयात गेला, त्यातले काही आपल्या पुण्याच्या पाचगाव-पर्वतीचे. पाच-सहा वर्षं ‘तात्पुरते’ ठेवण्यामागचा हेतू न्यायालयाने ओळखला आणि निकाल मजुरांच्या बाजूने दिला. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यातही बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सेवा अखंड धरत. म्हणजे तुझा एक दिवस तिथेही कुचकामी.

दवाखाना हा सेवाभाव, तिथे कामगार कायदे कशाला, असं तुझे पाठीराखे म्हणतात. त्याचं उत्तर १९७८ मध्येच दिलेलं आहे. बंगळूर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने इस्पितळांनाही उद्योगाच्या व्याख्येत आणलं. सेवाभाव नर्सकडून घ्यायचा आणि तिच्या पगाराची वेळ आली की हात वर करायचे, हे आता पुरे.

तुझी खरी ढाल २००६ च्या उमादेवी निकालाची. मागच्या दाराने भरलेल्यांना कायम करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं. तो निकाल वशिल्याची भरती रोखण्यासाठी होता आणि ते मला मान्य आहे. पण त्याच निकालात, मंजूर पदांवर दहा वर्षं काम केलेल्यांचा एकदा विचार करावा असंही सांगितलं होतं. ते पान तुझ्या फायलीला कधी लागलंच नाही. जाहिरात वाचून, मुलाखत देऊन, गुणवत्ता यादीत नाव येऊन रुजू झालेली मुलगी कुठल्या मागच्या दाराने आली, ते मला कोणीतरी दाखवावं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की उमादेवी निकालाचा शस्त्रासारखा वापर करून जुन्या कर्मचाऱ्यांचे हक्क मारता येणार नाहीत.

एवढं सगळं असून तू जिवंत कसा? कारण जी दाद मागायला जाते तिची ऑर्डर पुढच्या वेळी निघत नाही. मुदत संपून नोकरी गेली तर त्याला कामगारकपात म्हणायचं नाही, ही सोय १९८४ च्या दुरुस्तीने मालकांना करून दिली. बाईला काढायची गरजच उरत नाही, नुसतं गप्प बसलं की काम झालं. या धाकावर तू जगतोस.

बाळंतपणाची रजासुद्धा तू सोडली नाहीस. सव्वीस आठवड्यांची रजा कायद्यात आहे, पण मधेच ऑर्डर संपली की पुढचे आठवडे गेले, असं वर्षानुवर्षं चाललं. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरला त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. कराराची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ पूर्ण द्यायचे, असा निकाल १७ ऑगस्ट २०२३ ला आला. एक डॉक्टर तिथवर पोचली. उपकेंद्रावरच्या एएनएमने दिल्ली गाठायची कशी?

आता भंडाऱ्याचं लिहिते, आणि हे लिहिताना माझा हात थरथरतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. दोष कोणाचा ते चौकशीने आणि न्यायालयाने ठरवावं, त्यात मी पडत नाही. मला सांगायचं ते कारवाईबद्दल. नियमित सेवेतले काही जण निलंबित झाले. कंत्राटी नर्सची सेवाच संपवली गेली. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो, दोषारोपपत्र मिळतं, विभागीय चौकशीत म्हणणं मांडता येतं. कंत्राटी बाईला एक पत्र मिळतं. एकाच आगीला दोन न्याय, कारण एकीच्या नोकरीत तू बसलेला. आणि आग लागायच्या आधीचंही बोलू. वायर तापतेय, वॉर्मर नीट चालत नाही, रात्री एका नर्सवर दोन कक्ष आहेत, हे वरिष्ठांना लेखी कळवायला धाडस लागतं. पुढच्या महिन्यात ऑर्डर संपणारी मुलगी ते लिहिताना दहा वेळा विचार करते. तिचं गप्प राहणं रुग्णाला भोवतं. तुझा सगळ्यात मोठा गुन्हा मी हाच मानते.

करोनात तर कमाल झाली. केंद्राने ५० लाखांचं विमा संरक्षण जाहीर केलं आणि त्यात कंत्राटी, रोजंदारी, आउटसोर्स सगळे बसवले. बरोबरच केलं. पण म्हणजे मेल्यावर कायम आणि कंत्राटी एक होऊ शकतात, फक्त जिवंतपणी होऊ शकत नाहीत! लाट ओसरल्यावर कोविड सेंटरमधल्या पोरींना घरी पाठवलं, तेव्हा थाळ्या वाजवणारे कुठे होते?

दहा वर्षं झालेल्या राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या (एनएचएम) कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या नियमित सेवेतल्या समायोजनाचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये हेच लोक पुन्हा संपावर बसले. निर्णय झाल्यावरही रस्त्यावर बसावं लागतं, यावरून तुझी मुळं किती खोल गेली आहेत ते कळतं. या दहा वर्षांची मोजणी करताना तुझे दिवस आडवे घालायला कोणी पुढे येईल, याची मला खात्री आहे. म्हणून आत्ताच सांगून ठेवते. ज्या दिवशी आयएलआरचं तापमान त्या बाईने वाचलं, तो दिवस तिच्या सेवेत धरावा लागेल.

माझ्या तालुक्यातल्या मुलींना मी सांगितलं आहे. खंडाच्या दिवशी कामावर बोलावलं तर लेखी मागा. लेखी देत नाहीत आणि रुग्ण समोर आहे, तर काम करा, पण नोंद स्वतःच्या नावाने करा आणि सही स्वतःची ठोका. पहिल्या दिवसापासूनच्या ऑर्डरी, करारनामे, पगाराचं पासबुक एका फायलीत लावा, झेरॉक्स घरी ठेवा. एकटीने जाऊ नका, दहाजणी मिळून जा. वकिलाची पहिली फी माझ्या पेन्शनमधून.

तुझी नसलेली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका